चोरीला जाईल असं झाड

नर्सरीत रोप घ्यायला गेलेला माणूस साधारणपणे विचारतो, फळ कधी धरेल, पाणी किती लागेल, कीड पडते का. आमच्या शेजारच्या कुमुद सिस्टर विचारायच्या, "याची चोरी होते का?"

नर्सरीवाला हसायचा. नाही हो मॅडम, याला कोणी हात लावत नाही, निर्धास्त लावा, असं सांगायचा. ते ऐकलं की सिस्टर हातातलं रोप खाली ठेवायच्या आणि माझ्याकडे वळून म्हणायच्या, "चला, पुढचं घर."

पुढचं घर म्हणजे पुढची नर्सरी. नर्स म्हणून बत्तीस वर्षं त्यांनी सायवनच्या बाजूचे आदिवासी पाडे पायी पालथे घातले होते. एका घरातलं बाळ टोचून झालं की पुढचं घर. निवृत्त झाल्या तरी ते तोंडातून गेलं नाही. भाजीवालीची वांगी पसंत पडली नाहीत की पुढचं घर, टीव्हीवरची मालिका रडायला लागली की पुढचं घर. एका लग्नात पंगतीला वाढपी लवकर येईना, तेव्हाही त्या असंच म्हणाल्या आणि खरोखर उठून गेल्या. मागे मी आणि माझी बायको मीना त्यांच्या रिकाम्या पाटाकडे बघत बसलो.

२०१४ साली त्या डहाणूला मसोलीत आमच्या शेजारचं बैठं घर घेऊन राहायला आल्या. एकट्याच. लग्न केलं नव्हतं. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांभोवती मिळून एकच सामाईक भिंत. मी स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. आठवडाभर उभा असतो, म्हणून रविवारी दुपारी आडवा असतो. सिस्टरना आडवा माणूस दिसला की त्याला काहीतरी झालंय असं वाटायचं. खिडकीतून हाक यायची, "जागे आहात ना? एक मिनिटाचं काम आहे." सुई टोचायच्या आधी पोरांनाही त्या हेच सांगत असणार. त्या एका मिनिटात त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी थेट गुजरातच्या हद्दीवरच्या झाईपर्यंत जाऊन आलो आहे.

डहाणूत अंगण म्हटलं की चिकू. त्यांच्या अंगणातही होता, आधीच्या मालकाने लावलेला, भरपूर धरणारा. आल्या आल्या सिस्टरनी पहिलं काम काय केलं असेल, तर तो जमिनीलगत कापायला लावला. मीना कळवळली. चांगलं फळतं झाड का तोडलंत म्हणून तिने विचारलं, तर म्हणाल्या, "फांदी भिंतीबाहेर लोंबत होती. आठ दिवस बघितलं, एकही चिकू गेला नाही." हे मात्र खरं आहे. आमच्याकडे चिकू कोणी चोरत नाही. पाहुण्याला पिशवी भरून दिली तरी तो आधी नकोच म्हणतो.

सिस्टरना फळझाड एकच लावायचं होतं, कारण अंगणात जागाच तेवढी. ते चोरीला जाणारं असलं पाहिजे, ही अट. आता याचा अर्थ काय लावायचा? आमच्या गल्लीत दोन मतं होती. एक मत असं की बाईंना चोर पकडून पोलिसात द्यायची हौस आहे. दुसरं मत माझं होतं, की बाईंना भांडायला कोणी नाही, म्हणून निमित्त हवं आहे. आम्ही दोन्हीकडून चुकलो होतो.

मग फळांच्या चाचण्या सुरू झाल्या. सिस्टर कुठून कुठून अनोळखी फळं मिळवायच्या, गल्लीतल्या पोरांना बोलवायच्या आणि एकेक फोड हातावर ठेवून समोर उभ्या राहायच्या. हातात वही. वहीत फळाचं नाव, मुलाचं वय आणि शेवटचा रकाना 'रिॲक्शन'. मँगोस्टीनपुढे लिहिलं होतं: आवडलं, पण साल सोलता येईना, शिवाय झाडाला दहा वर्षं. अंड्याच्या बलकासारखं एक परदेशी फळ होतं, त्याच्यापुढे: घशात अडकलं, पाणी मागितलं. स्टारफ्रूटपुढे नुसतंच: दात आंबले. ड्रॅगन फ्रूट तेव्हा नवीन होतं आणि दिसायला झकास. मला वाटलं, आता सुटलो. पण त्याचं रोप बघितल्याबरोबर सिस्टरनी हात मागे घेतला. "काटे आहेत याला. टोचणारं काही नको."

गल्लीतली पोरं शहाणी. 'थँक्यू आंटी' म्हणायची, एक चावा घ्यायची आणि उरलेलं गटारात टाकून घरी जायची. सिस्टर वही मिटायच्या आणि तेवढ्या अंगणात दहा फेऱ्या मारायच्या. बसलेलं मी त्यांना क्वचितच बघितलं. जेवणसुद्धा ओट्याशी उभ्याने.

खरं कारण कळलं ते झाईहून परत येताना. स्कूटर पंक्चर झाली आणि आम्ही पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी थांबलो. बाजूला कडेवर मूल घेतलेली एक बाई बसची वाट बघत होती. मूल आमच्याकडे बघून हसलं. मी हात हलवला. वळून बघतो तर सिस्टर माझ्या पाठीमागे सरकून उभ्या. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, सवय. मी दिसले की मूल रडतं.

मग स्वतःहून सांगायला लागल्या, रस्त्याकडे बघत. "मी पाड्यावर शिरले की अंगणं ओस पडायची हो. पेंढ्यात लपायची, गोठ्यात लपायची. एक पोर तर कणगीत सापडलं होतं. आया माझं नाव सांगून जेवू घालायच्या, जेव, नाहीतर सुईवाली येईल. बत्तीस वर्षांत एक मूल माझ्या दिशेने धावत आलं नाही. आता माझ्याकडे सुई नाही, पण बोलवून खाऊ दिला की पोरं आईच्या भीतीने येतात. आपणहून यायला काय लागतं? झाड लागतं. भिंतीवरून उडी मारून यावंसं वाटेल असं एक झाड लागतं."

इतके महिने ज्या बाईची आम्ही चेष्टा केली, तिला हवं होतं ते एवढंच होतं. माझी मला लाज वाटली. त्यानंतर रविवारी हाक आली की मी निमूट चप्पल घालायचो.

तर झाड सापडलं ते कुठल्याही नर्सरीत नाही. कापलेल्या चिकूच्या बुंध्याला सारखे फुटवे यायचे आणि सिस्टर ते दर महिन्याला माझ्याकडून छाटून घ्यायच्या. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी कोयता घेऊन वाकलो होतो. तेवढ्यात लखमाकाका भिंतीशी थांबले. लखमाकाका म्हणजे आमच्या भागातले जुने कलमवाले. अर्ध्या डहाणूचे चिकू त्यांच्या हातचे. ते म्हणाले, चिकू समजून काय तोडता, ही रायण आहे. चिकूची कलमं रायणीच्या रोपावर बांधतात. रोपाचं डोकं उडवायचं, वर चिकू जोडायचा, खाली मूळ रायणीचंच राहतं. सिस्टरनी चिकू जमिनीलगत कापला, तशी खालची दाबून ठेवलेली रायण वर आली. पुस्तकात जिला खिरणी म्हणतात तीच ही. पिवळी, बोटाच्या पेराएवढी, गोड, आणि खाल्ल्यावर ओठ चिकटतात.

सिस्टरनी आपला नेहमीचा चोरीचा प्रश्न विचारला. लखमाकाकांनी धोतर वर करून नडगी दाखवली. वाकडी जुळलेली. लहानपणी दुसऱ्याच्या रायणीवर चढले असताना मालक आला, तेव्हाची. डहाणूत आता रायण फक्त कलमाच्या पिशवीत दिसते, वाढू कोणी देत नाही, असंही ते म्हणाले. सिस्टरनी माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि तो आजतागायत परत दिलेला नाही.

रायण हे सावकाश वाढणारं झाड आणि सिस्टर अशा. जुनी मुळं आहेत, चार वर्षांत धरेल, असं काका म्हणाले होते. चार वर्षं कशी काढायची? त्यांनी भिंतीवरच्या काचा काढायला लावल्या, कोणाचा हात कापेल म्हणून. त्या काचा आमच्या पैशाने बसवल्या होत्या. मग म्हणाल्या, भिंत उंच आहे, आठ वर्षांच्या मुलाला जमणार नाही. मीना म्हणाली, आठ वर्षांच्या मुलाला जमू नये म्हणूनच भिंत असते. पण एका रविवारी वरचे दोन थर उतरलेच, आणि ते उतरवले मीच. मीना माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. सिस्टर रोज फांद्या वितीने मोजायच्या आणि तक्रार मात्र माझ्याकडे करायच्या, जणू वाढवणं माझ्या हातात होतं.

२०१८च्या हिवाळ्यात झाडाला पहिल्यांदा फुलं आली आणि त्याच दिवसांत डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली. फळीवरची भांडी वाजायची, लोक अंगणात पळायचे. सिस्टरही पळायच्या, पण फुलं गळली का ते बघायला. आतल्या गावांत घरांना तडे गेले. उन्हाळ्यापर्यंत तिकडची काही कुटुंबं मुलाबाळांसकट मसोलीत बांधकामावर मजुरीला आली. आमच्या मागच्या इमारतीच्या कामावर त्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या.

एप्रिल संपता संपता रायण पिकली. सिस्टर खिडकीच्या पडद्यामागे उभ्या. पहिला दिवस, दुसरा दिवस, आठवा दिवस. गल्लीतल्या पोरांना फळ ठाऊकच नव्हतं. एकाने खाली पडलेलं उचललं, आईला दाखवलं, आईने हात धुवायला लावले. पिकलेली फळं पाखरं न्यायला लागली. सिस्टर मला सारखं विचारायच्या, झाड चुकलं का माझं? त्या पाच वर्षांत पहिल्यांदाच म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या.

नवव्या दिवशी दुपारी भिंतीवर तीन डोकी दिसली. दोन मुली, एक धाकटा मुलगा, झोपडीतले. मी आडवा होतो. सवयीने ओरडलो, कोण आहे रे तिकडे. पोरं पसार झाली. सिस्टर तशाच अनवाणी आमच्या दारात आल्या. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी आपली बाजू मांडली, की मालक ओरडला नाही तर पोरांना मजा येत नाही, लखमाकाकांना विचारा. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग ओरडा. पण हळू."

पोरं परत आली. रोज आली. मी रोज दुपारी हळू ओरडायचो. सिस्टर पडद्यामागून बघायच्या आणि संध्याकाळी मला सगळं सांगायच्या, मोठी कशी चढली, मधलीने ओच्यात किती भरली, धाकटा कसा खालूनच हुकूम सोडतो. पडद्याबाहेर या म्हटलं तर मान हलवायच्या. दिसले तर जातील, म्हणायच्या.

पुढच्या रविवारी पोरांची आई तिघांना पुढे घालून आली. जानकी नाव तिचं, पंचविशीतली, पदरात रायणी. चोरलेलं परत करायला आली होती. सिस्टरना बाहेर यावंच लागलं. त्या तिला परोपरीने सांगत होत्या, ने गं परत, आम्ही काही एवढी खात नाही. जानकी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्ही सायवनकडच्या सुईवाल्या बाई ना?" ती म्हणाली. "मी तुमाला वळखलं पयल्याच दिशी. बारकी होती तवा तुमाला बघून वहाळात उतरलेली मी."

सिस्टरचा चेहरा उतरला. त्यांनी जानकीचा दंड धरून तिला भिंतीपाशी, माझ्या बाजूला आणलं. मी ऐकतोय याचंही भान नव्हतं त्यांना. पाड्यापाड्यांवर आपल्या कामाचा ताठा मिरवलेली ती बाई हलक्या आवाजात म्हणाली, "पोरांना सांगू नकोस हं, मी कोण ते. हात जोडते. फार वर्षं थांबलेय गं मी."

जानकीला हसू आलं. "त्यांना ठाव हाय ना, बाई. मीच सांगलं. तिकडं जाऊ नका, ती सुईवाली ऱ्हाते, पकडंल. तरी येतात."

मी उगाच कोपऱ्यातली बादली उचलून दुसरीकडे ठेवली. पदर खांद्यावर सारखा करायला सिस्टरना बराच वेळ लागला. मग त्या पोरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोघी मुली जरा मागे झाल्या. धाकटा जागचा हलला नाही, तोंड चालूच होतं. सिस्टरनी त्याच्या मुठीतलं फळ बघितलं, हिरवट होतं, आणि त्याला दटावलं.

"ही कच्ची आहेत. वरच्या फांदीची पिकलीत, ती चोरायची."