चंद्राचा ठराव

ग्रामसभेत शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असतात. आमच्या गावात ते पुकारले की माणसं चपला शोधायला लागतात, कारण तेव्हा फागोभाऊजी उभे राहतात. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसतात, माझ्याकडे पाहून हात जोडतात आणि म्हणतात, “अध्यक्षबाईच्या परवानगीनं! मानसानं आता आभाळात फुडं कुठं जावं, याचा ठराव घ्या लागते. माह्यं म्हननं, चंद्रावर.”

अध्यक्षबाई म्हणजे मी, या गावची सरपंच. नळाला पाणी नाही, तलावाची पाळ फुटायला आलेली, त्यावर बोलून बोलून माझा घसा बसतो आणि हा माणूस मला चंद्रावर नेतो! बरं, खेकसावं तर सासरच्या नात्यातले, वडीलधारे. घराला घर लागून. सभेत गप्प केलं तर सकाळी चहाला दारात हजर.

“भाऊजी, ते आभाळात जानारे आपल्याले इचारून जाते का?” मी एकदा वैतागून म्हटलं.

“रेतीघाटाले गावाचा ठराव लागते. दारूच्या दुकानाले लागते. मंग मानसं आभाळात धाडाले काहून नाही लागत?”

 ग्रामसेवक पेनाचं टोपण चावत बसला.

हे खूळ टीव्हीवरून आलं. चंद्रावर पुन्हा जावं की थेट मंगळ गाठावा, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ भांडत असल्याची बातमी भाऊजींनी पाहिली आणि तेव्हापासून ते भांडण त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. जन्म तलावात मासे धरण्यात गेलेला. डोंग्यातून उतरायच्या आधी बांबू टाकून पाणी किती खोल ते पाहायचं, ही त्यांची सवय, म्हणून कुठल्याही बोलण्यावर त्यांचा एकच सवाल: “थांग घेतला का?” पोरानं बारावीनंतर काय शिकावं, कोणाला मत द्यावं, वांगी कोणाकडून घ्यावी, सगळीकडे आधी थांग.

चंद्रासाठी मतं जमवायला त्यांना वेळकाळ नाही. पाळ मोजायला आलेल्या इंजिनिअरच्या टेपचं दुसरं टोक यांच्या हाती होतं. “साहेब, चंद्र का मंगळ?” उत्तर मिळेपर्यंत टेप सोडली नाही. शेजारच्या घरी नवी सून आली, तिला सासूच्याही आधी यांनीच विचारलं. पोरीला वाटलं, आपल्या पत्रिकेत मंगळ निघाला. ती जी रडायला लागली, ती तिचा बाप एकोडीहून येईस्तोवर!

गावात पक्ष पडले. धानवाले मंगळाचे. “लाल का होईना, माती तर हाय. धानाचा रोवना होईन,” असं त्यांचं म्हणणं. आम्ही ढिवर, मासे धरणारे लोक, पाण्याचे. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी मोबाईलवर शोधून काढलं की गुरू ग्रहाचाही एक चंद्र आहे आणि त्याच्या बर्फाखाली म्हणे समुद्र आहे. झालं! अख्खा मोहल्ला तिकडे निघाला.

“फागोबाबा, आपला हक्क तिथंच! बरफाखाली जाळं टाकू!”

आम्हाला वाटलं, म्हातारा नाचेल. भाऊजींनी मान हलवली. “लय दूर हाय तो. पोचेपर्यंत मानूस रायते का?”

“मंग मंगळ?”

“तोबी दूरच. अन चंद्रावर एक सोय हाय.”

“कोनती सोय?”

“हाय एक.” एवढं बोलून ते दुपट्टा झटकून घरी गेले.

ढिवराच्या जातीत जन्मून जिथं एक डबकंही नाही तिथंच याला जायचंय, हे काही कोणाच्या पचनी पडलं नाही. बायका हळूच म्हणायच्या, अनसूयाबाई खाटेला लागली तेव्हापासून याचं डोकं फिरलं.

अनसूयाबाई म्हणजे भाऊजींची बायको. लकव्यानं तिची डावी बाजू गेली. काय बाई होती, बाप्पा! धिप्पाड, खणखणीत आवाजाची. शिंगाड्याचं भरलं टोपलं एकटी डोक्यावर घ्यायची. भाऊजी तिच्यापुढे तुरकाठी. आता हीच तुरकाठी तिला रोज खाटेवरून उचलते, न्हाणीत नेते, न्हाऊ घालते, वेणी घालून पुन्हा निजवते. मुलगा वरठीच्या कारखान्यात, सुट्टीला येऊन जातो. “मायले मी घेऊन जातो, बा, तुह्याच्यानं आता उचलनं होत नाही,” असं तो दर खेपेला म्हणतो. आम्ही बायकाही मदतीला जायचो, पण भाऊजी दारातूनच वाटेला लावायचे. “तिले दुसऱ्याचा हात नाही चालत.”

परवाच्या ग्रामसभेत आयत्या वेळचे विषय आले आणि कोणी उभंच राहिलं नाही. माणसं चपला घालून तयार, मंगळवाले उत्तरं घेऊन तयार, आणि भाऊजींची जागा रिकामी. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी दाराकडे पाहायला लागले. ग्रामसेवकाला म्हटलं, “सगळ्यांना चहा सांगा. सभा संपवू नका, मी आलेच.” आणि तडक त्यांच्या घरी गेले.

दार लोटलेलं. आत दोघंही जमिनीवर. अनसूयाबाई खाटेच्या पायाला टेकून आणि तिच्या शेजारी भाऊजी, कंबर धरून. तिला उचलताना पाठीत चमक भरली होती आणि दोघंही खाली आले होते. सकाळपासून तसेच.

“बसलो जरा,” भाऊजी म्हणाले.

“हाक माराची होती ना, भाऊजी! भिंतीपल्याड तर घर हाय माह्यं!” मी अशी ओरडले की त्यांनी मान खाली घातली. मला रडू येत होतं, म्हणून ओरडले. पदर खोचला आणि कोणाचं काही न ऐकता अनसूयाबाईला काखेत धरलं. भाऊजींनी पाय धरले. कशीबशी खाटेवर घेतली. ती लाजेनं भिंतीकडे तोंड करून पडली.

भाऊजी धापा टाकत होते. मग हळूच बोलले, जणू चोरी सांगताहेत, “चंद्रावर वजन सहावा हिस्साच भरते, बाई. टीव्हीवर सांगतलं. तिथं हिले मी एका हातानं उचललो असतो. पोराकडं धाडा लागलं नसतं.”

 इतके दिवस आम्ही पाणी शोधत होतो, माती शोधत होतो.

“आजच ठराव घेते,” मी म्हटलं. “मंगळवाल्याइले मी पाह्यते. अन पाठ बरी होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ मी येईन. हात नाही चालत म्हनाचं नाही.”

भाऊजींनी नुसते हात जोडले. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. अनसूयाबाईची जीभ आता जड झालीये, सावकाश बोलते.

“तिथं तुमी कायले उचलान मले? एवढं हलकं झाल्यावर... मीच उठन ना.”

भाऊजी तिच्याकडे पाहतच राहिले. एवढा थांग घेणारा माणूस, पण हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मंग मी काय करन वो तिथं?” त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

ती हसली. तोंडाची एकच बाजू हसते तिची, पण हसली.

“मी फुडं चालन, तुमी मांगून याजा,” म्हणाली. “हळूहळू.”