डिस्कांची राखण

रविवारी सकाळी वैजनाथनं क्रिकेटच्या गेमचा डबा उघडला आणि आत डिस्क नव्हती. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यानं केलं. डबा बंद करून पुन्हा उघडला. डिस्क तरीही नव्हती. मग त्यानं फुटबॉलचा डबा उघडला, मोटारींच्या शर्यतीचा उघडला, कुस्तीचा उघडला. कपाटातले झाडून सगळे डबे उघडले आणि झाडून सगळे रिकामे निघाले.

"सुकन्या! घरात चोर शिरला होता!"

सुकन्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "आन् टीव्ही ठिवून गेला व्हय?"

"अगं, डिस्क गेल्या सगळ्या! डबे तेवढे ठेवलेत."

"मग चोर न्हाई. नानांनी नेल्यात."

"नानांनी? नानांना गेमच्या डिस्क कशाला लागतात?"

"ते मला काय म्हाईत? परवा इचारत हुते, ह्या चकत्या काय कामाच्या हायेत का. मी म्हनलं, मला तर कवाच कामाच्या दिसल्या न्हाईत." तिनं भाकरी तव्यात टाकली. "खोटं बोलले का?"

यावर उत्तर देण्यासारखं वैजनाथकडे बरंच होतं, पण वेळ नव्हता. आज त्या डिस्कांचा फैसला होता.

शेवगावच्या बसस्थानकामागच्या गल्लीत वैजनाथ आणि त्याचा मित्र अमीर यांचं भागीदारीत गेम सेंटर होतं. तिथल्या दोन्ही मशीन गिऱ्हाइकांनी बटणं बडवून बडवून म्हाताऱ्या केल्या होत्या. नव्या घ्यायच्या ठरल्या आणि तिथंच माशी शिंकली. अमीरला बिनडिस्कवाली मशीन हवी होती. गेम थेट नेटवरून उतरवायचा, ओरखड्याची भीती नाही, धूळ पुसायला नको. वैजनाथ मात्र हट्टाला पेटला होता. "जी वस्तू हातात धरता येत नाही ती आपली कशी?" हे त्याचं म्हणणं. डिस्क मित्राला देता येते, खेळून कंटाळा आला की विकता येते. "उद्या कंपनीनं गेम काढून घेतला तर तू काय करणार? हवेत हात मारणार?"

खरं कारण असं, की कॉलेजपासून त्यानं एकेक करून डिस्क जमवल्या होत्या. नगरला कुणाचं लग्न असलं, तरी हा मांडवातून निसटून डिस्कच्या दुकानात सापडायचा. बिनडिस्कवाली मशीन आली, की ती सगळी जमवाजमव एका दिवसात रद्दी होणार होती. तो हे कुणाला बोलला नव्हता, पण त्याचा जीव त्यात अडकला होता.

आठवडाभर भांडण चाललं. शेवटी गाळा जिचा होता, त्या अमीरच्या आईनं, शरिफाचाचीनं, निकाल लावला. "रविवारी दोघं घरची मशीन आणा. एकाची डिस्कवाली, एकाची बिनडिस्कवाली. दोन्ही आतले गेम पुसून कोऱ्या करून आणा. ज्याच्या मशीनवर क्रिकेटचा पहिला चेंडू आधी पडेल, तसली मशीन घ्यायची. मग कुणी तोंड उघडायचं नाही." नगरचा दुकानदार त्याच दिवशी उत्तर मागत होता.

वैजनाथनं आपली मशीन आदल्या रात्रीच सेंटरवर नेऊन ठेवली होती. त्यानं मोटरसायकल काढली आणि तो थेट रानात गेला.

रानात ज्वारी कमरेच्या वर गेली होती आणि कणसांत दूध भरलं होतं. चिमण्यांना याची खबर माणसांच्या आधी लागते. त्यामुळे सूर्यभाननानांनी शेतात काठ्या रोवून दोऱ्या ताणल्या होत्या, आणि त्या दोऱ्यांना सुतळीनं बांधलेल्या वैजनाथच्या डिस्क सकाळच्या उन्हात गरागरा फिरत होत्या. फुटबॉल फिरत होता, कुस्ती फिरत होती. वैजनाथ गाडी बांधावर लावून आत धावला.

"नाना! हे काय केलं तुमी?"

नाना मचाणावर बसले होते. मुलगा कौतुक करायला आलाय असंच त्यांना वाटलं. "बघ की! एक तरी पाखरू दिसतंय का?"

"आवो, माझ्या गेमच्या डिस्क हायेत त्या!"

"मंग? सुनबाईला इचारूनच नेल्या. दरसाल भजनाच्या चकत्या बांधत हुतो. त्या उनानं पार पांढऱ्या पडल्या. नव्या आनाव्या म्हनून बाजारात गेल्तो, तर दुकानदार हसाय लागला. म्हनला, नाना, आता समदं मोबाईलवर. चकती कुनी इकत बी न्हाई आन् कुनी टाकून बी देत न्हाई." नानांचा आवाज चढला. "कुनी काढलं ह्ये मोबाईलचं? शेतकऱ्याला इचारलं का?"

गेला आठवडाभर वैजनाथ अमीरला नेमकं हेच सांगत होता, की डिस्क बंद झाल्या की लोक पस्तावतील. आपल्या बाजूनं बोलणारा पहिला माणूस असा मचाणावर भेटेल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"नाना, मला एकच द्या. क्रिकेटची. आज लई गरज हाय."

"एक सोडलीस, तर तिथं दुसरं कायतरी बांध. जागा मोकळी दिसली, की पाखरं तिथनंच आत शिरत्यात."

वैजनाथ ज्वारीत घुसला. फिरत्या डिस्कवरचं नाव वाचणं ही सोपी गोष्ट नाही. तो एकेक डिस्क धरायचा, थांबवायचा, वाचायचा आणि सोडायचा. ज्वारीच्या पात्यांनी त्याचे हात आणि मान ओरबाडून काढली. क्रिकेटची डिस्क निघाली पार विहिरीकडच्या कोपऱ्यात. तिच्यावर एका पाखरानं आपलं मत टाकून ठेवलं होतं.

"नाना, म्हणे पाखरू येत न्हाई!"

"त्यो कावळा. कावळा कनीस खात न्हाई," नाना मचाणावरून म्हणाले. "बदल्यात काय बांधतो?"

वैजनाथनं खिसे चाचपले. मग त्याची नजर बांधावर उभ्या असलेल्या मोटरसायकलवर गेली. त्यानं एकदाही मागंपुढं न पाहता डाव्या बाजूचा आरसा पिळून काढला, सुतळीला बांधला आणि डिस्क शर्टाच्या आत, बनियनला चिकटवून ठेवली. तान्ह्या लेकरालासुद्धा त्यानं कधी इतकं जपून नेलं नसतं.

इकडे गेम सेंटरमध्ये गर्दी जमली होती. शरिफाचाची दारात खुर्ची टाकून बसली होती. अमीरचं डाउनलोड चौऱ्याण्णव टक्क्यांवर पोचलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज आलं होतं. "वैजा आलाच नाही," तो सगळ्यांना सांगत होता. "डिस्क पुसत बसला असेल."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली वळली. ट्रॉलीवर ऊस असा रचला होता, की खालच्या ट्रॅक्टरवाल्याला वरचं काही दिसायचा प्रश्नच नव्हता. रस्ता ओलांडून गेलेली इंटरनेटची केबल उसात अडकली, ताणली गेली आणि फटकन तुटली. चौऱ्याण्णवचा आकडा जागच्या जागी गोठला.

अमीर धावत बाहेर आला. "ओ भाऊ, केबल तोडली की!"

"केबल खाली हुती," ट्रॅक्टरवाला म्हणाला आणि ट्रॅक्टर न थांबवता पुढं गेला. दर हंगामात तो हेच सांगत असावा.

अमीर हार मानणारा नव्हता. त्यानं मोबाईलचं नेट मशीनला जोडलं. पण केबल सगळ्या गल्लीची तुटली होती आणि सगळ्या गल्लीनं त्याच क्षणी मोबाईल बाहेर काढला होता. नेट गोगलगायीच्या चालीनं सरकू लागलं. अमीर मोबाईल उंच धरून स्टुलावर चढला, स्टुलावरून टेबलावर चढला.

याच वेळी वैजनाथ आत शिरला. केसांत ज्वारीचा फुलोरा, मानेवर ओरखडे आणि मोटरसायकलला एकच आरसा.

"वैजा, तू मारामारी करून आलास का?" चाचीनं विचारलं.

"चाची, मी डिस्क घेऊन आलोय!" त्यानं शेजारच्या हॉटेलच्या नळाखाली ती धुतली, शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसली आणि टेबलावर चढलेल्या अमीरकडे पाहत म्हणाला, "डिस्कला वायर लागत नसते, बरं का."

मशीननं डिस्क आत ओढून घेतली. आत कुरकुर झाली. आणि पडद्यावर क्रिकेटचं मैदान उमटलं! जमलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. इतक्या वर्षांच्या जमवाजमवीचं आज सार्थक झालं असं वैजनाथला मनापासून वाटलं आणि त्यानं बटण दाबलं.

पडद्यावर काही ओळी आल्या. अमीरनं टेबलावरूनच त्या मोठ्यानं, चवीचवीनं वाचल्या. "गेमचा उरलेला भाग डाउनलोड करायचा आहे. कृपया इंटरनेट जोडा."

गाळ्यात जो हशा पिकला, तो बसस्थानकापर्यंत ऐकू गेला.

"म्हणजे डिस्कमध्ये गेम नाही?" चाचीनं विचारलं.

"आहे ना, चाची. पण... सगळा नाही."

"मग बाकीचा कुठं आहे?"

"नेटवर."

"आणि अमीरचा?"

"तो सगळाच नेटवर," वैजनाथ पडलेल्या आवाजात म्हणाला.

"म्हणजे वायर तुटली, की तुम्ही दोघंही सारखेच रिकामे. आठवडाभर माझं डोकं कशाला खाल्लं मग?"

अमीर टेबलावरून उतरला. दोघांनाही एकमेकांचं तोंड बघवेना.

एवढ्यात बाहेर कुणाची तरी गाडी थांबली आणि मागच्या सीटवरून सूर्यभाननाना उतरले. ते भलतेच तापले होते. त्यांच्या हातात आरसा होता.

"वैज्या! ह्यो घे तुजा आरसा आन् माजी चकती दे!"

"काय झालं, नाना?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय? आरशात चिमनीला दुसरी चिमनी दिसली. ती तिच्यासंगं भांडाय लागली. भांडन बघाय समदा थवा आला, आन् आलाच हाय म्हनून जेवाय बसला! कोपरा साफ झाला माजा."

शरिफाचाची खुर्चीतून उठली. "सूर्यभानभाऊ, कसली चकती?"

"ही ह्यांच्या खेळाची, भाभी. रानात बांधली की पाखरू फिरकत न्हाई. ही येक काढली, आन् तिथंच घात झाला."

"पोपटालाही चालते?"

"पोपट तर लांबनंच वळतो. डोळं दिपत्यात त्याचं."

चाची गंभीर झाली. तिची पेरूची बाग होती आणि पोपटांनी या वर्षी नुसता उच्छाद मांडला होता. एक पेरू अर्धा खायचा, तो टाकून दुसऱ्याला चोच लावायची. तिनं डबे बडवून पाहिले होते, जुन्या साड्या बांधून पाहिल्या होत्या. पोपट साड्यांवर बसून पेरू खात होते.

"डिस्कवाली मशीन घ्यायची," ती म्हणाली. "झाला निकाल."

"अम्मी!" अमीर कळवळला. "पोपटांसाठी मशीन निवडायची का?"

"मग कशावर निवडू? वायर तुटल्यावर तुझी मशीन चालली का? वैजाची चालली? आणि भाऊंच्या रानातली डिस्क आत्ता या घडीला चालू आहे. तुझं डाउनलोड मी पेरूच्या कुठल्या फांदीला बांधू?"

अमीरनं मोबाईल मशीनपासून सोडवून खिशात घातला. वैजनाथकडे बोलायला खूप होतं, पण आपण जिंकलो की हरलो, हेच त्याला नीट उमगेना. नानांनी तोवर मशीनकडे बोट करून "काढ की" म्हटलं होतं. वैजनाथनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं, डिस्क बाहेर आली आणि नानांनी ती धोतराला पुसून खिशात घातली.

तरीही वैजनाथनं हिय्या केला. शेवटी डिस्कच जिंकली होती, आणि नव्या मशीनबरोबर नवे गेम येणारच होते. त्यानं छाती पुढे काढून नगरच्या दुकानदाराला फोन लावला. "डिस्कवालीच मशीन पाठवा. हो, पक्कं. सगळ्यांचं एकमत झालंय."

"गेम कुठले कुठले देऊ?" पलीकडून दुकानदारानं विचारलं.

वैजनाथनं तोंड उघडलं, तेवढ्यात चाचीनं त्याचा दंड धरला.

"गेम कुठलाही असू दे. त्याला विचार, जास्त चमकतात कुठल्या?"

"आन् म्हनावं, जादा पाठीव," नाना म्हणाले. "पर आदी ज्वारी. पेरू मागनं."

वैजनाथनं एकदा नानांकडे पाहिलं, एकदा चाचीकडे पाहिलं, आणि दुकानदाराला विचारलं.