सुई वर!

सर्जेराव हवालदारांच्या टेम्पोत पहिल्यांदा बसलेला माणूस पहिल्या स्पीडब्रेकरलाच दचकायचा. टेम्पो हळू व्हायचा आणि हवालदार मान न वळवता, कवायतीच्या आवाजात ओरडायचे, "सुई वर!"

मग ते थांबायचे. पाय ब्रेकवर, कान मागे. दोन-तीन क्षण असे गेले की गिअर टाकायचे आणि टेम्पो अलगद पलीकडे उतरायचा. खड्डा आला, मोरी आली, म्हैस आडवी आली, की पुन्हा तेच. मेढ्याच्या बाजारातून एकदा एक म्हातारी त्यांच्याबरोबर निघाली होती. "सुई वर!" ऐकून तिनं घाबरून दोन्ही पाय वर घेतले, ते साताऱ्यापर्यंत खाली सोडले नाहीत.

मागे कोणी शिवत नव्हतं. शिवणारी, म्हणजे हवालदारांची बायको अनसूयावहिनी, पावसाळ्यातच गेली होती. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्या ओरडण्याबद्दल कोणी विचारत नसे. मी त्यांचा सख्खा शेजारी, त्यातून प्राथमिक शाळेतला मास्तर, म्हणजे प्रश्न विचारल्याशिवाय माझा दिवस जात नाही. पण मीही विचारलं नाही.

हवालदार फौजेत बिजलीकाम करायचे. रिटायर होऊन आले ते एक काळी पत्र्याची पेटी घेऊन. पेटीवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. गावी आल्यावर त्यांनी बंद टपाचा एक जुना टेम्पो घेतला. आम्हाला वाटलं, भाजी वाहतील, नाहीतर भाडी मारतील. हवालदारांनी मागच्या बाजूला एक बाज ठोकली, एक ट्यूब लावली आणि लाकडी बोर्डावर चार प्लग बसवले. घरात असतात तसेच, पांढरे, तीन भोकांचे. त्या काळ्या पेटीत स्वतः जोडलेला इन्व्हर्टर ठेवला आणि खाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या. टेम्पो चालू झाला की पेटी घूंऽऽ असा आवाज करायची.

"गुरुजी, घर चालतं राहिलं पायजे," ते मला म्हणायचे. "मूव्हमेंटमधी सुदा."

आत चढणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "किती वॅट?" माणूस बिचारा गावाचं नाव सांगायचा. हवालदार त्याची पिशवी बघायचे. ट्रान्झिस्टर असेल तर ठीक. दाढीचं मशीन असेल तर विचार करू. "तापतं ते गाडीत न्हाई," हा त्यांचा कायदा होता.

तो कायदा मी मोडला. शिरवळला माझ्या पुतण्याला कारखान्यात नोकरी लागली, त्यानं घर घेतलं, त्याची वास्तुशांत होती. आम्ही हवालदारांच्या टेम्पोतून निघालो. घाटात माझा सदरा पार चुरगळला. समोर चार-चार प्लग रिकामे दिसत होते आणि आमच्या सामानात आहेराची इस्त्री होती. मी ती लावली. पेटी एकदा किंचाळली, जळका वास आला आणि ट्यूब गेली.

हवालदारांनी टेम्पो कडेला घेतला. मला खाली उतरवलं आणि भर हायवेवर, चुरगळलेल्या सदऱ्यात, सावधान उभं केलं.

"गुरुजी, तुमच्या घरच्या प्लगच्या मागं कोयनेचं धरण हाय. हितं मागं दोन बॅटऱ्या हायत. प्लग तसाच दिसतोय, म्हणून मागनं तेवढंच येतं व्हय?"

मी शाळेत मुलांना याहून कमी शब्दांत रडवलेलं आहे, पण इतकं मुद्देसूद मला कधी बोलता आलं नाही. वास्तुशांतीला मी तसाच गेलो.

हे प्लग कशासाठी, ते हवालदारांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "प्रयोग हाय." खरं कारण मला अनसूयावहिनींनी सांगितलं. त्यांना गाडी लागायची. म्हणजे अशी, की मेढ्याहून एस.टी.त बसल्या तर साताऱ्याच्या स्टँडवर त्यांना धरून उतरवावं लागे. लिंबू झालं, आवळासुपारी झाली, पोटावर ओला पंचा झाला. आणि एकुलती एक मुलगी संगीता दिलेली थेट तासगावला, द्राक्षबागायतदाराच्या घरी. लग्नानंतर तीन वर्षं वहिनींनी लेकीचं घर बघितलं नव्हतं.

शिवताना मात्र त्यांना काही होत नसे. "डोळं सुईवर असलं की पोट गप बसतंय," त्या म्हणायच्या. मी साताऱ्याच्या एका डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, उलट जास्त त्रास व्हायला हवा. मी तसं वहिनींना कळवलं.

"त्या डाक्टरला गाडी लागत नसंल," वहिनी म्हणाल्या.

तर हवालदारांनी शिवणयंत्र टेम्पोच्या तळाला चार बोल्टांनी आवळलं, त्याला मोटर बसवली, मोटरची पिन बोर्डात खुपसली. आणि वहिनी मेढा ते तासगाव शिवत शिवत जाऊ लागल्या. टेम्पोचा वेग ताशी वीस. मागून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "हवालदार, उतरून ढकलू का?" हवालदारांचं लक्ष नसे. शिलाई सुरू झाली की पेटीचा सूर खाली यायचा, थांबली की वर जायचा, त्या सुरावर ते गाडी हाकायचे. खड्डा दिसला की, "सुई वर!" आणि मागून वहिनींचा आवाज, "घेतली!" घेतली ऐकल्याशिवाय चाक खड्ड्यात जात नसे.

गिऱ्हाइकांचे ब्लाउज वहिनी घरीच शिवायच्या. वाटेत शिवायच्या ते घरचं, उशांचे अभ्रे, परकर, पिशव्या. त्यांची शिलाई नागमोडी यायची. हवालदार ती कौतुकानं उजेडात धरून मला दाखवायचे. "ही बघा मेढ्याची वळणं. ह्यो उंब्रजचा पूल. आन हितं तासगाव रोडला रोलर आडवा आला हुता." माझ्या घरी त्या शिलाईची एक पिशवी अजून आहे.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी संगीताला दिवस गेल्याचं कळलं. तासगावला जाऊन आल्यावर परतीच्या वाटेवर वहिनींनी कुंची शिवायला घेतली. हिरव्या खणाची, बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची. अर्धी झाली तेव्हा गाव आलं. वेशीजवळच्या स्पीडब्रेकरला हवालदार म्हणाले, "सुई वर!" वहिनी म्हणाल्या, "घेतली." आता घर आलंच म्हणून त्यांनी ती पुन्हा टाकली नाही.

आठ दिवसांनी छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

तेव्हापासून कुंची यंत्राच्या दाबपट्टीखाली तशीच होती आणि सुई वर. हवालदार तिला हात लावू देत नसत. आई नसल्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही संगीता माहेरी आली नाही, तिकडेच बाळंत झाली. एस.टी.डी. बूथवर फोन आला, मुलगी झाली, बाराव्या दिवशी बारसं. बाळंतविडा माहेरचा, आणि कुंची माहेरचीच लागणार.

शेजारपाजारच्यांनी सुचवलं, साताऱ्यात तयार मिळते. हवालदारांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी हातात होती.

"वैनी, एक काम हुतं," ते माझ्या बायकोला म्हणाले. "कुंची पुरी करायची हाय."

"आणा की इकडं भावजी, तासाभराचं काम."

"हिकडं न्हाई. गाडीत. चालत्या."

आमची ही वाईची. शिलाई अशी सरळ, की पट्टी लावून बघावी. तिला काही कळेना.

"तिची शिलाई रस्त्यावरची हाय वैनी," हवालदार खाली बघत म्हणाले. "अर्धी रस्त्यावरची आन अर्धी तुमच्या सोप्यातली, आसं कसं चालंल? लेकीला लगीच कळंल, आई मधीच उठली म्हणून."

माझ्या बायकोनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "कधी निघायचं?"

बारशाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. ती यंत्रापुढे बसली, मी बाजेवर. हवालदारांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. "चाक फिरू द्या, मग सुई टाका," एवढंच म्हणाले. चाक फिरलं. हिनं सुई टाकली. सात-आठ महिन्यांनी पेटीचा सूर खाली आला, आणि पुढे बसलेल्या हवालदारांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं मला दिसलं.

पहिला स्पीडब्रेकर आला.

"सुई वर!"

"घेतली," माझी बायको म्हणाली. शिवणारी बाई जे म्हणेल तेच, सहज.

टेम्पो हलेना. मागे एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, मग एक एस.टी. दोघंही हॉर्न वाजवू लागले. मी म्हणालो, "हवालदार, घेतली म्हणतेय ती."

"ऐकलं, गुरुजी," ते म्हणाले. "ऐकूनच थांबलोय."

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग गिअर पडला.

उंब्रजच्या पुढे दोनदा दोरा तुटला, कराडला बायकोला उतरून लिंबू चोखावं लागलं, पण तासगावच्या बेदाण्याच्या शेड दिसू लागल्या तेव्हा कुंची पुरी झाली होती. तिची आयुष्यातली सगळ्यात वाकडी शिलाई. हवालदारांनी ती उजेडात धरून इंचाइंचानं पाहिली. "झ्याक," म्हणाले.

बारशाला बाळाला कुंची घातली. संगीतानं शिवणीवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं. बरोबर तिथेच. तिनं माझ्या बायकोकडे पाहिलं, जवळ येऊन पाया पडली, आणि मग दोघी रडल्या. हवालदार बाहेर मांडवाच्या वायरी तपासत होते.

निघण्याआधी त्यांनी पाना घेऊन चारही बोल्ट सोडले आणि यंत्र लेकीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"आबा, आवं, ऱ्हाऊ द्या की तुमच्याकडं," संगीता म्हणाली.

"मला कुठं शिवता येतंय," हवालदार म्हणाले.

परतताना टेम्पोच्या तळाला चार भोकं उघडी होती, त्यांतून खालचा रस्ता पळताना दिसायचा. बोर्डावर चारही प्लग रिकामे. पेटी एकाच सुरात घूंऽऽ करत होती. तासगावच्या हद्दीवरचा स्पीडब्रेकर आला, टेम्पो हळू झाला.

"सुई वर!"

ते थांबले. कान मागे. मी बायकोकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता. दोन क्षण गेले, तीन गेले, चार गेले. टेम्पो उभाच.

"घेतली," मी म्हणालो. वर्गात हजेरी द्यावी तसा माझा आवाज उगीच मोठा आला.

हवालदारांनी गिअर टाकला.