निळा मफलर आणि नॉरिचच्या अटिंगबाई

हेझल सटक्लिफने संशोधन संस्थेच्या बैठकीच्या खोलीत निळा मफलर भिंतीवर टांगला, दोन पावलं मागे जाऊन तो न्याहाळला आणि ती स्वतःवरच खूश झाली. शेजारी दुसरा मफलर होता, पांढराफटक. तेवढ्यात तिचा सहकारी डेझ्मंड गूच चहाचा मग घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

"हेझल! काढ तो आधी!"

"का रे? काय झालं?"

"अगं, निळा आहे तो!"

"निळाच हवा. त्याच्यासाठीच तर इतके दिवस मरमर केलीय मी."

केली होती खरी. तिची नोकरी महिनाअखेर संपत होती, आणि मुदत वाढवायची की नारळ द्यायचा हे ठरवायला आज दुपारी समिती येणार होती. समितीतल्या निम्म्या लोकांना तक्ते दाखवले की जांभया येतात, म्हणून हेझलने ही शक्कल लढवली होती. मातीतला एक जीवाणू निळं प्रतिजैविक बनवतो. ते बनवण्याच्या, जनुकांत लिहिलेल्या हुकमात 'टीटीए' असा एक शब्द येतो. हा शब्द त्या जीवाणूच्या साऱ्या कारभारात अगदी क्वचित सापडतो, आणि तो वाचून नेमका माल आणून देणारा हमालही एकच, ट्रान्सफर आरएनए नावाच्या जमातीतला. तो नसला तरी जीवाणू खातो, पितो, वाढतो. फक्त औषधाचं नाव काढत नाही. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. तर हेझलने हमाल नसलेल्या जीवाणूचा रस उकळून त्यात एक मफलर बुडवला, तो कोरा राहिला. मग त्याच जीवाणूला हमाल परत दिला, पुन्हा रस उकळला, आणि दुसरा मफलर निळाशार झाला.

"समितीच्या अध्यक्ष कोण आहेत, माहितीये?" डेझ्मंडने विचारलं.

"ब्रेंडा अटिंग. निवृत्त मुख्याध्यापिका."

"ते सोड. बाई पिवळ्या-हिरव्या आहेत, नॉरिच फुटबॉल संघाच्या कट्टर भक्त! मुलाचं नाव नॉरिचच्या गोलकीपरवरून ठेवलंय त्यांनी. परवा हाडवैरी इप्सविचशी सामना आहे, आणि तू त्यांच्या नाकासमोर इप्सविचचा रंग टांगून ठेवतेस?"

हेझल मूळची यॉर्कशरची. इथे नॉरिचला इतकी वर्षं काढून तिने इथली बोली उचलली, पावसाला नावं ठेवणं उचललं, पण फुटबॉलच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. आता तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग मी काय करू?"

"हा रंग आंबट लागलं की लाल होतो, तूच म्हणाली होतीस ना? आज शुक्रवार आहे. कॅन्टीनमध्ये मासे आणि चिप्स. त्यांवर शिंपडायच्या व्हिनेगरला काय तोटा!"

घाबरलेल्या माणसाला कुठलाही सल्ला शहाणपणाचा वाटतो. हेझलने मफलर काढून एका ट्रेमध्ये ठेवला, व्हिनेगरची बाटली आणली आणि त्यावर उपडी केली. निळा रंग बघता बघता लाल झाला. डेझ्मंडने टाळी वाजवली. हेझलने कपाळावर हात मारला.

"अरे, माझ्या अर्जात पानोपानी निळा लिहिलाय! आणि हाच जीवाणू एक वेगळं लाल औषधही बनवतो. समितीतल्या शास्त्रज्ञांना वाटेल, हिला आपलं औषधसुद्धा ओळखता येत नाही!"

"मग पुन्हा निळा कर. सोडा घाल."

"तू आता सल्ले देऊ नकोस, सोडा आण!"

सोडा आला. मफलर फसफसला, ट्रेमधून उतू गेला, हेझलच्या बाहीवर चढला. फेस ओसरला तेव्हा मफलराचं एक टोक निळं, दुसरं लाल आणि मध्ये जांभळे डाग पडले होते. आता तो कुठल्याच संघाचा राहिला नव्हता. डेझ्मंड तो पिळत असतानाच दार उघडलं आणि समिती आत आली. सगळ्यांच्या पुढे अटिंगबाई, गळ्यात पिवळा-हिरवा मफलर.

"चिप्सचा वास कुठून येतोय?" बाईंनी विचारलं. "आणि तुम्ही दोघं धुणं का धुताय?"

थाप मारायला हेझलकडे वेळ उरला नव्हता. तिने सगळं सांगून टाकलं. शब्द, हमाल, निळा रंग, परवाचा सामना, व्हिनेगर, सोडा, सगळं.

बाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे एकटा हमाल गैरहजर, तर सगळं औषध बंद? आमच्या शाळेत घंटा वाजवणारे मिस्टर पेग असेच होते. ते आजारी पडले की मधली सुट्टी संपायचीच नाही."

"अगदी तसंच! आणि हा हमाल कामाला येतो तोही उशिरा. जीवाणूची वाढ होऊन गेल्यावर. तो उशिरा का येतो, हेच मला शोधायचंय. कळलं, तर न बनणारी औषधं बनवून घेता येतील. म्हणून ही नोकरी हवीय मला. फार हवीय."

बाईंनी मफलराचं निळं टोक दोन बोटांनी उचलून पाहिलं आणि लगेच सोडलं.

"या जीवाणूपासून पिवळा रंग मिळतो का?"

"मिळतो. एक पिवळं औषधही बनवतो तो."

"आणि हिरवा?"

डेझ्मंडने उत्साहाने तोंड उघडलं. हेझलने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला, चांगला टाच दाबून.

"हिरवा शोधावा लागेल," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"तीन वर्षं तरी लागतील."

बाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणाची ना नव्हती. त्यांनी कागदावर 'तीन वर्षं' असं लिहून सही केली. हेझलला रडू आवरेना, आणि डेझ्मंडला पाय टेकवेना.

समिती बाहेर पडली. अटिंगबाई मात्र दारातून मागे वळल्या.

"मिस्टर गूच, निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हेच सांगणार होतात ना? चाळीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवलीय मी."

हेझलचा चेहरा पांढऱ्या मफलरासारखा झाला.

"पण आपल्या हिरव्यात इप्सविचचा निळा?" बाई म्हणाल्या. "छे! त्यापेक्षा तीन वर्षं परवडली."