पंच्याण्णव लिटरची फळी

विकासचा फोन दर रविवारी सकाळी साडेनऊला यायचा आणि तीन मिनिटांत आटपायचा. जेवण झालं का, गुडघा कसा आहे, तूर कशी आहे, असे तीन प्रश्न. त्यांची तीन उत्तरं. मग दोन्हीकडे शांतता व्हायची, आणि ती मोडायची म्हणून विकास म्हणायचा, "बरं, ठेवतो बाबा." जगदेवभाऊ फोन शर्टाच्या खिशात घालायचे आणि वाशीमजवळच्या अनसिंग गावातल्या त्या चार खोल्यांच्या घरात पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्याशी बोलणारं कोणी नसायचं. बायको विजयमाला जाऊन दोन वर्षं झाली होती. शेजारच्या गोमतीकाकू भिंतीवरून भाजी द्यायच्या, पण भाजीबरोबर उपदेशही द्यायच्या आणि उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत.

विकास तिकडे तुतिकोरीनला, समुद्राकाठी, पवनचक्क्यांच्या कंपनीत होता. तिशीचा, बिनलग्नाचा, एका खोलीत राहणारा. सुटीच्या दिवशी त्याने एक नवीनच खेळ धरला होता. फळीला शीड लावायचं, फळीवर उभं राहायचं आणि वाऱ्याच्या जोरावर समुद्रावरून पळायचं. भाऊंनी त्याचा एक फोटो पाहिला होता. त्यात पाणी बरंच होतं आणि विकास अगदी लहान दिसत होता.

श्रावणातल्या एका रविवारी तीन प्रश्न संपले, शांतता झाली आणि ती भरून काढायला विकास म्हणाला, "सोताची फळी घेतो म्हन्तो बाबा. पन कोनती घ्याव, समजतच नाई."

हे वाक्य भाऊंच्या फार आत जाऊन लागलं. एके काळी पंचक्रोशीत कोणाला बैल घ्यायचा असला की भाऊंना बाजारात सोबत न्यायची पद्धत होती. भाऊ दात बघत, खूर बघत, शेपटीपासून वशिंडापर्यंत एकदा हात फिरवत, जनावर चार पावलं चालवून घेत आणि मग तोंडातून शब्द न काढता मान हलवत. उभी हलली तर सौदा झाला. आडवी हलली तर दोर परत धन्याच्या हातात. आता घरोघर ट्रॅक्टर आले होते आणि ट्रॅक्टरचे दात बघायला कोणी बोलवत नाही. पाच-सहा वर्षांत भाऊंना कोणी काही विचारलं नव्हतं.

"काम काय घ्याचं हाय तिच्याकून?" भाऊंनी विचारलं.

विकासने सांगितलं. तिथला समुद्र सपाट नसतो. वारा आडवा वाहतो आणि पाणी दिवसभर खडबडीत असतं, नांगरलेल्या वावरातल्या ढेकळांसारखं. खऱ्या मोठ्या लाटा वर्षातून दहा-बारा दिवस. फळ्या मिळतात तीन तऱ्हेच्या. एक रुंद आणि वेगाची, पण ढेकळांवर ती अशी उडते की गुडघे खिळखिळे होतात. दुसरी लहान, फक्त लाटांसाठी, बाकीच्या दिवशी ती माणसाला घेऊन खालीच बसते. तिसरी मधली. दोन्ही कामं करते, पण एकातही पहिला नंबर नाही.

"म्हंजे एक शर्यतीचा गोऱ्हा, एक मिरवनुकीचा, आन एक औताले बी चालते आन गाडीले बी."

"हाव बाबा. तसंच."

"मंग तिसरा पाह्य. रोजचं काम पाहून जनावर घ्या लागते. दहा दिसाच्या हौसेसाठी नाई."

त्या दिवशी फोन सव्वीस मिनिटं चालला. भाऊंचा कान तापला होता. त्या आनंदात त्यांनी दुसरा चहा केला आणि साखर दोनदा घातली.

पुढच्या रविवारपासून भाऊ तयारीनिशी बसू लागले. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे प्रश्न लिहून ठेवत. पंच्याण्णव लिटर म्हणजे काय, आत पाणी भरतात काय? विकासने समजावलं की फळी किती वजन तरंगत धरते त्याचं ते माप. त्याचं वजन चौऱ्याहत्तर किलो, त्याहून थोडी जास्तीची फळी असली म्हणजे वारा पडला तरी तिच्यावर उभं राहून परत येता येतं. परत येता आलं पाहिजे, हे भाऊंना एकदम पटलं. मग पाण्यात दिशा धरणाऱ्या खालच्या पात्याची चौकशी झाली, एक मोठं बरं की तीन लहान. पाय अडकवायच्या पट्ट्यांची झाली. कडा गोल की धारदार यावर पोळ्याच्या आदल्या रविवारी चाळीस मिनिटं गेली.

खरं तर पोळ्यापर्यंत सगळं ठरलं होतं. मधल्या जातीची, पंच्याण्णव लिटरची, तीन पात्यांची. पण फळी ठरली की पुन्हा तीन मिनिटं, हे भाऊंच्या लक्षात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पारखणीत लबाडी केली. ठरलेल्या मालात ते खोट काढू लागले. "नाक जराक जास्तच निमुळतं नाई वाटत तुले?" असं म्हणून त्यांनी दोन रविवार काढले. शेपटीवर पुढचे तीन निघाले. विकासही गुमान मान्य करायचा आणि आणखी फोटो पाठवायचा.

दिवाळीला तो आला नाही. सुटी मिळत नाही म्हणाला. दिवाळीनंतरच्या रविवारी त्याने सांगून टाकलं, "घेतली बाबा एकदाची फळी." भाऊ बरं म्हणाले. फोन चार मिनिटांत संपला. कॅलेंडरच्या पानावर अजून सहा प्रश्न उरले होते.

बाराव्या दिवशी वाशीमहून एका ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. तुमच्या पत्त्यावर आठ फुटांचा नग आलाय, लवकर न्या, गोदामाचं दार लागत नाही.

झालं होतं असं की विकासच्या फोनमध्ये दोन पत्ते साठवलेले होते. एक 'रूम', एक 'घर'. भाऊंसाठी बीपीचं मशीन आणि मिक्सर त्याने 'घर' दाबूनच पाठवले होते. सवयीने बोट तिथेच पडलं. आता कंपनी माल परत फिरवायला तयार नव्हती.

"मीच येतो न्याले," विकास म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी सकाळी येतो, शनवारी निंगतो. रेल्वेच्या सामानाच्या डब्यात टाकून नेतो. तवरोक तिले जपा बाबा, लय नाजूक रायते."

यातलं 'मीच येतो' एवढंच भाऊंनी नीट ऐकलं.

फळी आणायला त्यांनी सेवालालला सांगितलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हा जुना दोस्त, टेम्पोवाला. टेम्पो घेण्याआधीच्या तिन्ही बैलजोड्या त्याने भाऊंच्या मानेवर विश्वास ठेवून घेतल्या होत्या. फळी ओसरीत उतरली, भाऊंनी गुंडाळी फाडली आणि शेपटीपासून नाकापर्यंत एकदा हात फिरवला. पांढरी, नारिंगी पट्ट्यांची, गुळगुळीत. त्यांची मान आपोआप उभी हलली.

"माल फसकलास हाय भाऊ," सेवालाल म्हणाला. "पन आपल्या इकडं हिले पाजाचं कुठं?"

तेवढ्यात गोमतीकाकू आल्या. त्यांनी फळीला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "पूजा केली काय रे जगदेवा?"

"फळीची कायची पूजा, काकू?"

"वाहन हाय ना? पोरगं समिंदरात जाईन हिच्यावर. एकटं. आन पूजा नाई?"

भाऊंनी फळीकडे पाहिलं. तीन महिने ते नाक, कडा आणि पात्यांवर बोलत होते, पण एवढ्या पाण्यावर पोराच्या पायाखाली ही एकच वस्तू असणार, आणि शेजारी कोणी नसणार, हे त्यांच्या मनात नीट उतरलंच नव्हतं. ते आता उतरलं. ते आत जाऊन हळद, कुंकू आणि देवापुढचा नारळ घेऊन आले.

स्वस्तिक काढून झालं. सेवालालचं म्हणणं, नारळ पायरीच्या दगडावर फोडावा. काकूंचं म्हणणं, नारळ वाहनावरच फोडतात, गावातल्या प्रत्येक नव्या ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडावर तो फुटला आहे, म्हणून तर ट्रॅक्टर चालतात. भाऊंनी फळीच्या नाकावर बोटाने टकटक केली. आवाज टणक आला. एवढ्या तीन महिन्यांच्या चौकशीत फळी आतून कशाची असते, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

पहिल्या फटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला नारळ हातातून सटकला. तिसरा फटका भाऊंनी पोराच्या जिवासाठी म्हणून अंगातली सगळी ताकद लावून मारला. कडाडकन आवाज झाला, नारळ फुटला, पाणी नाकावरून वाहिलं. शुभ झालं म्हणून तिघांनी खोबरं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या आल्या. उंबऱ्यापासून फळीच्या नाकापर्यंत लाल मुंग्यांची रांग लागली होती, आणि ती नाकाशी जाऊन आत शिरत होती. भाऊंनी ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. खाली वीतभर भेग होती. बोटाने दाबलं तर कवच आत गेलं आणि गोड पाण्याचा एक थेंब वर आला. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं.

सेवालालने वाकून, डोळा लावून पाहिलं. "आतमंदी थर्माकोल हाय भाऊ. त्यानं पानी पेलं."

गळक्या नळाला लावतात ती पुट्टी भरून वरून रंग मारू, असं त्याने सुचवलं. भाऊंना ते सोसवेना. बैलाचं मोडकं शिंग मेणाने भरून रंगवणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्यांनी भर बाजारात उघडं पाडलं होतं. तसलं काम आपण करायचं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सेवालाल गेल्यावर त्यांनी हळद घट्ट कालवली आणि भेगेवर जाडसर थापली. ही लपवाछपवी नव्हती, पूजा होती. मुंग्यांना हा फरक समजला नाही.

शुक्रवारी विकास आला. वाळला होता. पाया पडला, चप्पल काढली आणि सरळ फळीकडे गेला. भाऊ चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

"बाबा, हिच्यावर मुंग्या काहून हायत?"

"नारळ फोडला होता."

"कायच्यावर?"

"तिच्याच नाकावर."

भाऊंनी हळूच डोकावलं. विकास शेपटीपासून नाकापर्यंत हात फिरवत होता, अगदी त्यांच्यासारखाच.

"तीन मैने हिचं नाक पाह्यलं आपन," तो म्हणाला, "आन त्याच्यावरच?"

"तू एकटा जातं पान्यात," भाऊ म्हणाले.

विकासने हळद पुसली. राग आला असेल तर तो त्याने गिळला. हे दुरुस्त होतं, म्हणाला, वाशीमला डिंकासारखा पक्का चिकट मसाला मिळतो तो भरायचा. पण आधी आतला थर्माकोल पूर्ण वाळला पाहिजे. ओल कोंडली तर फळी आतून सडते. दोन-तीन दिवस तरी लागतील. त्याने ऑफिसला फोन लावला आणि दिवाळीला न मिळालेली सुटी दोन मिनिटांत मिळाली. भाऊंनी ते ऐकलं आणि कपात चहा ओतत राहिले.

ओसरीत दोन स्टुलांवर फळी आडवी ठेवली, भेग वर, उघडी. बापलेक तिच्या दोन बाजूंना बसले. शनिवारी दोघं तुरीत फिरून आले. येताना विकास बांधावर थांबला आणि म्हणाला, "सुटी होती बाबा दिवाळीले. आई नसंल घरात, म्हनून नाई आलो."

"माहीत होतं मले," भाऊ म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं.

रविवारी साडेनऊ वाजले तेव्हा दोघं ओसरीतच होते. भाऊंचा हात सवयीने खिशाकडे गेला. विकासने ते पाहिलं.

"जेवन झालं काय बाबा?"

"झालं. गुडगा बी बरा हाय. तूर तं तू पाह्यलीच."

मग दोघंही हसले, आणि कोणालाच फोन ठेवायचा नव्हता म्हणून बोलणं जेवणापर्यंत चाललं.

संध्याकाळी विकास न्हाणीत असताना भाऊंनी भेगेत कापसाची वात सारून पाहिली. वात कोरडी आली. दुसरी घातली, तीही कोरडी. फळी वाळली होती. म्हणजे सोमवारी सकाळी मसाला, मंगळवारी गाडी, आणि पुढच्या रविवारी तीन मिनिटं.

सोमवारी उजाडताच भाऊ उठले. विकास ओसरीतल्या खाटेवर तोंडावरून चादर घेऊन झोपला होता. भाऊंनी माठातून तांब्या भरून घेतला. मेणाने शिंग भरणारा तो व्यापारी त्यांना आठवला, लाज वाटली, तरी ते अनवाणी फळीपर्यंत गेले. चारच थेंब, फार नाही.

तांब्या कलता करून ते थबकले. भेग ओली होती. नुसती ओली नाही, चांगली भरलेली, आणि एक ओघळ स्टुलाच्या पायावरून खाली जमिनीवर आला होता. ओघळाच्या टोकाशी स्टीलचा पेला उपडा ठेवलेला होता, विकासच्या उशाशी असायचा तो. घरात तिसरं माणूस नव्हतं.

भाऊंनी खाटेकडे पाहिलं. झोपलेल्या माणसाच्या मानाने चादर फारच स्थिर होती. ते तसेच अंगणात गेले, तांब्या तुळशीत रिकामा केला आणि परत आले.

"वाळली काय बाबा?" चादरीखालून आवाज आला.

भाऊंनी शेपटीपासून नाकापर्यंत हात फिरवला, भेगेत बोट बुडवलं आणि मान आडवी हलवली.

"नाई रे. दोन-चार दिस तं अजून लागतीनच."