पोपटबुवांची करंगळी

पोपटबुवा उजव्या हाताची करंगळी वर धरूनच काळुराम पेंटरच्या खोलीत शिरले.

"मागच्या अंगाला आहे, बुवा," काळुराम म्हणाला. "टमरेल दाराशी ठेवलंय."

"अहो, तसलं नाही! ही करंगळी बघा. सरळ आहे का वाकडी?"

"सरळ."

"मग ही कुणाची?" बुवांनी पिशवीतून भजनांची चोपडी काढून त्याच्यापुढे आपटली.

चोपडीच्या कव्हरवर खुद्द बुवा पेटी वाजवत बसले होते. फेटा बुवांचा, मिशा बुवांच्या. पण पेटीवरच्या उजव्या हाताची करंगळी शेवटच्या पेरात आत वळलेली होती.

एकोणीसशे त्रेपन्नचा चैत्र नुकता लागला होता. काळुराम ठाण्यात, खोपटला बारा वर्षं हाच धंदा करत होता. भजनी बुवा, शाहीर, बँडवाले, ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाचंही गाण्याचं पुस्तक निघालं की कव्हर त्याच्याकडे. चित्र मुंबईला जायचं, त्याचा छापायचा ठसा, म्हणजे ब्लॉक, होऊन यायचा, मग छपाई.

"पाचशे चोपड्या वाटल्या मी," बुवा खाली बसले. "पहिला साडू आला. बुवा, पडलात कुठं? मग बहिणीनं आंबेहळदीचा लेप पाठवला. डोंबिवलीत तर बोलतात, पोपटबुवांचा हात गेला! परवा धाकू हाडवैद्य बांबूच्या कामट्या घेऊन दारात. मी म्हटलं, बाबा, मला काही झालेलं नाही. तर म्हणतो, सगळे असंच म्हणतात. आणि धरून ओढली ना त्यानं!"

"दुखली?"

"आधी नव्हती दुखत. आता दुखतेय."

काळुरामला हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. ते त्याने लगेच आवरलं.

"हसा तुम्ही. आमची मालन तीस वर्षं या हाताला वाढतेय. काल ती पण म्हणाली, दाखवा बघू एकदा." बुवांचा आवाज खाली आला. "विठ्ठलवाडीला रामनवमीचं भजन अठरा वर्षं माझ्याकडं आहे, पेंटर. मंडळी म्हणतात, यंदा विश्रांती घ्या, रघुबुवाला बोलावतो. एकदा गेलेला मान परत येतो का? मूळ चित्र काढा. माझ्यासमोर करंगळी सरळ करा. तेच नेऊन दाखवतो सगळ्यांना, आणि सांगतो, चूक पेंटरची."

"चूक माझीच आहे," काळुराम म्हणाला.

त्याने ट्रंक उघडली. चित्र लुगड्यांच्या खाली होतं. त्याने वाटीत पांढरा रंग कालवला, कुंचला भिजवला. बुवांनी नमुन्यासाठी हात पाटावर ठेवला.

कुंचला कागदाच्या वर थांबला. बराच वेळ थांबला.

"पेंटर, हात आखडला माझा. आता खरंच वाकडी व्हायची."

"बुवा, हा हात सगुणाचा आहे."

गाणाऱ्यांना बसायला वेळ नसे. चेहरा काढून झाला की ते निघत. हातांसाठी त्याची बायको सगुणा बसायची. पिठाच्या डब्यावर पाट ठेवायची, त्यावर बोटं. "लवकर काढा, भात लागतोय," म्हणायची. लहानपणी मिठागरावर मिठाने भरलेली पाटी तिच्या करंगळीवर पडली होती, तेव्हापासून ती वाकडी. काळुराम चित्रात दर वेळी सरळ करायचा.

"ह्या वेळी अंगात ताप होता," तो म्हणाला. "तरी बसली. म्हटलं, हिला आता पडू दे, करंगळी नंतर सरळ करू. मग विषमज्वर निघाला. श्रावणात गेली. चित्र तसंच मुंबईला पाठवलं मी. बघितलंसुद्धा नाही."

"वहिनी गेल्याचं कानावर आलं होतं," बुवा म्हणाले. "फोटो असेल ना एखादा?"

"नाही. मी म्हणायचो, बस, तुझं चित्र काढतो. ती म्हणायची, आधी गिऱ्हाइकाचं होऊ दे."

"मग आधीच्या कव्हरांवरचे हात?"

"ते सरळ केलेले. ते कुणाचेच नाहीत."

बुवांनी चित्राकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. वाटीत बोट घातलं.

"रंग वाळला तुमचा," ते म्हणाले, आणि चित्र न घेताच निघून गेले.

काळुरामला तीन दिवस जेवण गेलं नाही. आपल्यापायी माणसाचा मान जाणार. रामनवमीला सकाळी त्याने चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि विठ्ठलवाडी गाठली. सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, चित्र दाखवायचं, तिथेच करंगळी सरळ करून द्यायची. रंग आणि कुंचला खिशात होते.

मांडवात शिरला तर पोपटबुवा पेटीवर बसलेले! मांडव गच्च भरलेला.

बायकांच्या कडेला मालनवहिनी होत्या. त्यांनी त्याला ओळखलं.

"हे मंडळींना जाऊन सांगून आले," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणे, पडलो होतो, हाड वाकडं बसलं, पण अशाच हातानं वाजवीन. माणसं रडली हो! रघुबुवाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. चार दिवस घरात करंगळी दुमडून वाजवतायत. सूर चुकतात, पण ऐकतील तर शपथ."

काळुराम पुढे सरकला. बुवांचं मनगट जाड होतं, केसाळ होतं, वर घड्याळ बांधलेलं. तिकडे त्याने बघितलं नाही. पेटीच्या पट्ट्यांवर ती करंगळी शेवटच्या पेरात आत वळून, अगदी तशीच, चालली होती.

शेजारी धाकू हाडवैद्य उभा होता. त्याने मान हलवली.

"मी तेव्हाच म्हटलेलं, कामट्या बांधा. ऐकलं नाही. आता जन्मभर अशीच राहणार."

"राहू दे," काळुराम म्हणाला.