मालगाडीचे डबे आणि शुक्रवारची कहाणी

‘माझं एकही व्रत आजवर मोडलं नाही, मोडणारही नाही!’ अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणात मी शेजारच्या सरुबाईंपाशी हे मोठ्या तोऱ्यात बोलले. देवा, माफ कर!

त्या महिन्यात देशोदेशीच्या शेतकऱ्यांच्या महासंघाचा एक गोरा साहेब बऱ्हाणपूरला यायचा होता. आमची केळी तिथल्या लालबाग स्टेशनात मालगाडीच्या डब्यांवाचून सडत होती. साहेबाच्या कानी घातलं, की तो दिल्लीत शब्द टाकेल, ही आमच्या यांची योजना. हे धूलकोट गावची माणसं, हार आणि ढोल घेऊन स्टेशनात गेले, आणि साहेब खंडव्याहून मोटारीनं थेट आमच्या दारात!

मी शुक्रवारच्या पूजेला बसलेली. कहाणी कुणी ऐकल्याशिवाय मी पाणी पीत नाही, आणि दर शुक्रवारी ऐकणाऱ्या सरुबाई ढोलामागे पळालेल्या!

“साब के पास आधा घंटा है,” दिल्लीचा दुभाष्या म्हणाला. “किसानों की तकलीफ बताइए.”

“बताती हूं. पहले ये लो,” मी हळूच म्हणाले आणि दोघांच्या मुठीत तांदूळ ठेवले. “पूरा होने तक उठना नहीं!”

साहेब मुंजीतल्या बटूसारखा मांडी घालून बसला. मी नावडत्या राणीची कहाणी लावली. राजानं तिला शेत राखायला धाडलं, अंगाला फाटकं लुगडं, खायला शिळी भाकर... साहेबाचे डोळे भरून आले! दुभाष्या त्याला इंग्रजीत सांगत भराभरा लिहीत होता. राणीला देव पावला, आणि नेमकी तेव्हाच त्याची शाई संपली. घड्याळ पाहून दोघे उठले. मोटार गेली.

मागून हे धापा टाकत आले. “डब्यांचं सांगितलं ना?”

मी पाटाभोवतीचे तांदूळ गोळा करू लागले.

“वैनी, एक शब्द तरी!” धूलकोटचे लोटूभाऊ कळवळले.

हे रागावले नाहीत. जेवलेही नाहीत. सगळा माल म्हशींपुढे गेला.

दिवाळीला महासंघाचं पत्र आलं. शाळेतल्या सुधाकर मास्तरांनी त्या इंग्रजीचा अर्थ सांगितला, “तुमच्या शेतातल्या त्या दुःखी बाईंना ताजी भाकरी आणि धड लुगडं मिळावं, असा ठराव एकमतानं मंजूर झाला आहे. तो राजा कोण, आणि त्याचं संस्थान अजून विलीन कसं झालं नाही, तेवढं कळवा.”

“आणि डबे?” यांनी विचारलं.

मास्तरांनी पत्र उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी!

हे पत्राची घडी घालू लागले. मग हळूच म्हणाले, “असू दे. राणीचं तर भलं झालं.”